मागे नेणारा बाण

१

सुचेताबाईंच्या पोटात गाठ आहे, हे आम्हाला एका मेलेल्या माणसाने सांगितलं.

खोटं वाटत असेल तर भाईंदर पूर्वेला या, नवघर रोडच्या आतल्या अंगाला आमची सोसायटी आहे, तिथे कोणालाही विचारा. फक्त माझं नाव सांगू नका, लोक आधीच हसायला लागतील.

भर दुपार होती. ओहोटी लागली होती आणि खाडीकडून चिखलाचा वास येत होता. सोसायटीच्या ऑफिसला लागून एक खोली आहे, तिथे आम्हा म्हाताऱ्यांचा कट्टा बसतो. खिडकीला जाड चादर लावून अंधार केला होता. टेबलावर मुळाक्षरं लिहिलेला कागद होता, मधोमध पालथी घातलेली स्टीलची वाटी आणि वाटीवर चार बोटं: माझं, पंढरीनाथांचं, सुचेताबाईंचं आणि मंदावहिनींचं. प्लँचेट चाललं होतं. बोलावलं होतं मंदावहिनींच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना. ते जाऊन चार-सहा महिने झाले होते.

सुरुवातीला वाटी नुसती गोल गोल फिरायची. कंटाळून पंढरीनाथ म्हणाले होते, "बंद करा हा पोरखेळ. दाजी काही येत नाहीत." त्यानंतरच्याच बैठकीत वाटीने पंढरीनाथांच्या नावाची अक्षरं घेतली आणि मग साखर लिहिली. पंढरीनाथ घाबरले, कारण त्याच सकाळी त्यांचा रिपोर्ट आला होता आणि त्यात साखर अशी चढली होती की बायकोपासून लपवावी. पुढे वाटीने आणखी दोघा-तिघांची दुखणी बोलून दाखवली. सगळी खरी निघाली.

आणि त्या दुपारी वाटी सरकली. स. च. त. थांबली. मग ग. मग ठ.

सुचेताबाईंनी बोट असं काढलं जसं काही वाटी तापली होती.

"हे मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कोणालाच नाही."

बंद खोलीत चादर हलली. वारा नव्हता.

२

आता दाजी कसे गेले ते सांगायला हवं.

दाजी म्हणजे कॅरमचा राजा. त्यांचा हाडवैरी म्हणजे राई गावचा बबन. बबनच्या बापजाद्यांची शेती खाडीकाठी होती, आता तिथे टॉवर आहेत आणि त्यातल्या मोबदल्याचा एक फ्लॅट आमच्या सोसायटीत. दाजी आणि बबन रोज खेळायचे आणि रोज भांडायचे. शेवटच्या दिवशीही भांडले. दाजी उठले आणि म्हणाले, "येतो आणि बघतो तुला." आपल्यात कोणी 'जातो' म्हणत नाही, तसे तेही म्हणाले नाहीत. त्याच दिवसापासून कॅरमची लाल राणीही सापडत नाही. आम्ही तिच्या जागी सदऱ्याचं लाल बटण ठेवून खेळतो.

दाजी उठून ऑफिसात गेले. तिथे सोसायटीचा एक कॉम्प्युटर आणि प्रिंटर आहे. आम्हाला मोबाइलवर बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून लॅबचे रिपोर्ट तिथेच उघडतो. ऑफिस सांभाळणारी ममता लॅबची साइट उघडून देते, आपल्या मोबाइलवर आलेला नंबर आपण टाकायचा, की आपलं पान समोर. वर कोपऱ्यात एक बटण असतं: 'बाहेर पडा'.

दाजींनी रिपोर्ट बघितला. ममता म्हणाली, "दाजीकाका, आता 'बाहेर पडा' दाबा." दाजींनी बाण त्या बटणावर नेला आणि तिथेच खुर्चीत कलंडले. बोट दाबलंच गेलं नाही. धावपळ झाली, लोक जमले, आणि सगळ्यांच्या देखत पडद्यावरचं पान आपोआप बदललं. मोठ्या अक्षरात आलं:

'आपली वेळ संपली आहे.'

साइटला काय माहीत, तिने आपलं काम केलं. थोडा वेळ कोणी हात लावला नाही की ती माणसाला बाहेर काढते. पण ज्यांनी ते बघितलं त्यांना जाऊन सांगा!

त्या दिवसापासून 'बाहेर पडा' बटणाला आमच्यापैकी कोणी हात लावत नाही. रिपोर्ट बघायचा, "येतो" म्हणायचं आणि उठायचं. वेळ संपल्याचं पान आपोआप येतं, ते येईपर्यंत ममता तिथेच उभी राहते, आणि मग कुलूप लागलं म्हणून आपल्या कामाला लागते. दाजींच्या खुर्चीवरही कोणी बसत नाही. शेजारी स्टूल ठेवलंय. खुर्चीवर रोज एक सोनचाफ्याचं फूल असतं.

सुचेताबाईंचा मुलगा पराग हा आमचा सेक्रेटरी. आईच्या गाठीची बातमी त्याला लिफ्टमध्ये दुसऱ्याच कोणीतरी सांगितली. तो सरळ ऑफिसात आला.

"भूतबीत सब बकवास आहे," तो ममतावर ओरडला. "रिपोर्ट उघडताना आईशिवाय तिथे कोण होतं? तू! तूच कोणाला तरी सांगितलंस. डेटा लीक आहे हा. रविवारच्या मीटिंगमध्ये तुझा विषय घेतोय."

ममता काशीगावला भाड्याने राहते, नवरा महाडला आजारी सासऱ्यांपाशी. तिने आवाज चढवला नाही. "साहेब, काढायचं तर काढा," ती म्हणाली. "पण चुगलखोर म्हणून काढलंत तर मीरा रोडपासून काशिमीऱ्यापर्यंत मला कोण ऑफिसात बसवेल?"

रविवार तीन दिवसांवर होता.

३

तेव्हा सुलूताई उठल्या.

सुलूताईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, ट्रंक कॉल जोडण्यात. माणूस खोटं बोलायच्या आधी श्वास कसा घेतो हे त्यांना चेहरा न बघता कळतं. प्लँचेटला त्या कधी बसल्या नाहीत. "ढकलणाऱ्याचं बोट आधी ताठ होतं, जवळ बसलं की लगेच कळतं," एवढं म्हणायच्या आणि लांब बसून स्वेटर विणायच्या. भाईंदरमध्ये स्वेटर कोण घालतं ते त्यांनाच ठाऊक.

"गप्पीदास," त्या मला म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. तुमच्यासमोर लोक मोकळे बोलतात, कारण तुम्ही नंतर सांगितलंत तरी कोणाला खरं वाटत नाही."

ममता जेवणाचा डबा न उघडता बसली होती.

"सकाळी कोण येतं, संध्याकाळी कोण?" सुलूताईंनी विचारलं.

"पंढरीकाका, सुचेताकाकू, ही सगळी सकाळी. नोकरीवाले संध्याकाळी. जाताना मी सगळं बंद करून कॉम्प्युटरही बंद करते."

"आणि दुपारी?"

"कुलूप लावून गच्चीवर डबा खायला जाते, ताई. आजही गेले, पण डबा न उघडताच परत आले."

"संध्याकाळच्या लोकांपैकी कोणाचं दुखणं वाटीने सांगितलं?"

ममताने विचार केला. "नाही हो. कोणाचंच नाही."

मी टेबलाला रेलून उभा होतो. हात माउसवर पडला. उचलला तर तळव्याला राखाडी काहीतरी लागलेलं. मऊ. बोटांनी चोळलं तर पसरलं.

राख होती.

"आधी पण लागायची," ममता कुजबुजली. "कधी कधी. मी रोज पुसते. जेवून आलं की परत. काका, मी कोणाला बोलले नाही. लोक म्हणतील, दाजींची..."

बाजूला रिकाम्या खुर्चीवर चाफा होता, आणि पडद्यावर तेच वाक्य लटकलेलं. आपली वेळ संपली आहे.

सुलूताईंनी माझा हात ओढला आणि हुंगला. कुत्र्यासारखा. मग पदराने पुसून टाकला.

४

परागला आम्ही जिन्यात गाठलं.

"ऑफिसच्या किल्ल्या किती जणांकडे?" सुलूताई.

"एक ममताकडे. एक माझ्याकडे, पण मी दिवसभर अंधेरीला असतो, यू नो. एक मंदाकाकूंकडे, फुलासाठी. बाकी कोणाकडे नाही. काकू, तुम्ही उगाच डिटेक्टिव्ह बनताय. माझ्या आईने मला नाही सांगितलं, ते दुनियेला कळलं! मला कसं वाटलं असेल?"

"आईने का नाही सांगितलं?"

तो एक पायरी खाली उतरला. "म्हणते, नातवाची बारावी होऊ दे, मग बघू ऑपरेशनचं."

बबन गेटपाशी सुकटवालीशी भाव करत होता. सुलूताईंनी त्याला बाजूला घेतलं.

"बबनराव, तुम्ही रिपोर्ट बघायला कधी जाता?"

"सकालीच. का?"

"आणि ते बटण?"

"दाबतो ना! मी काय भुताला भितंय?" बबनने छाती पुढे काढली. "बटन दाबला, बाहेर परलो, मोकला झालो. तुमी शिकलेली मानसं नि भिता."

"तुमची दुखणी वाटीने कधी सांगितली?"

"न्हाय. एकपन न्हाय." आणि हे बोलताना त्याचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला, जसा छातीत कळ आल्यावर जातो. "दाजी माजं नावच घेत न्हाय," तो हळूच म्हणाला. त्याचा आवाज मला बरा वाटला नाही.

परत येताना सुलूताई खुशीत होत्या.

"बघा हं. ममताने चुगली केली असती तर संध्याकाळची माणसंही सुटली नसती. वाटीला फक्त सकाळची माणसं माहीत. म्हणजे जे काही घडतं ते सकाळ आणि संध्याकाळच्या मधे, ममता जेवायला गेल्यावर."

"पण भूत दुपारीच फिरतं," मी म्हणालो. "आमच्याकडे गुहागरला तर भर बाराला..."

"भूत असतं ना गप्पीदास, तर सगळ्यात आधी बबनच्या मानगुटीवर बसलं असतं. आयुष्यभर ज्याच्याशी भांडले, त्याचं दाजी नावही घेत नाहीत? बबन सकाळी जातो, सगळं इतरांसारखं करतो. फरक एकच. तो बटण दाबतो."

"मग?"

"मग भुताला बबन दिसतच नाही. असं कुठलं भूत असतं, ज्याला एका बटणाने आंधळं करता येतं?"

५

सुलूताईंनी सापळा लावला आणि त्यात आमिष म्हणून मला टांगलं.

शुक्रवारी सकाळी ममताला सुचेताबाईंच्या सोबतीला पाठवून दिलं, दिवसभर. ऑफिसात आम्ही दोघंच. लॅबच्या साइटवर मी माझा नंबर टाकला. 'चाचणी निवडा' असं आलं तेव्हा सुलूताईंनी माझ्या नावावर जी चाचणी निवडली ती वाचून मला घाम फुटला.

गर्भधारणा चाचणी.

"अहो, पंचाहत्तरी झाली माझी!"

"साइटने तक्रार केली का? मग तुम्ही कशाला करता? उठा. बटण दाबायचं नाही. 'येतो' म्हणा."

मी म्हणालो. थोड्या वेळाने पान बदललं, वेळ संपली. आम्ही कुलूप लावून निघालो.

दुपारी कट्टा भरला. चादर लागली. वाटीवर तीच चार बोटं. बबन दारात उभा, नेहमीसारखा कुत्सित. प्लँचेटला त्याने कधी बोट लावलं नाही. सुलूताई कोपऱ्यात विणत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "दाजी, आमच्या गप्पीदासांची तब्येत कशी आहे?"

वाटी हलली. माझ्या नावाच्या पहिल्या अक्षरापर्यंत गेली. मग अडखळली. पुढे जाईना, मागे येईना. बोटाखाली ती बारीक थरथरत होती, जशी झाकणाखाली उकळी फुटते. अंधारात कोणाचा तरी श्वास अडकला. पंढरीनाथ रामनाम घ्यायला लागले.

आणि मंदावहिनींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

दाजी गेल्यापासून ती बाई हसली नव्हती. आता खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी एकदा माझ्या पोटाकडे बघितलं, आणि मग बोट काढून घेऊन त्या खोलीबाहेर पळाल्या.

"रडतायत बिचाऱ्या," पंढरीनाथ म्हणाले.

सुलूताईंच्या सुया थांबल्या होत्या.

६

मंदावहिनींच्या घरात दाजींच्या फोटोपुढे उदबत्ती जळत होती. आम्ही गेलो तेव्हा त्या उदबत्तीच्या घरातली राख चिमटीने गोळा करत होत्या. बोटं राखाडी झाली होती.

"ऑफिसात उदबत्ती लावायला परागने मनाई केली, नाही का?" सुलूताईंनी सहज विचारलं. "म्हणून इथे लावायची आणि हात न धुता तसंच फूल घेऊन खाली जायचं. चंदनाचा वास आहे. गप्पीदासांच्या हाताला काल हाच होता."

मंदावहिनी खाली बसल्या. नाकारलं नाही.

"कसं कळलं?"

"वाटीने काही सांगितलं नाही, तरी तू हसलीस. ते पान मी, गप्पीदास आणि ते चोरून बघणारा, एवढ्यांनाच ठाऊक होतं. मंदा, तू काय करतेस तिथे?"

त्यांनी राखेची बोटं पदराला पुसली. मग त्या बोलल्या.

"यांना उचलून ॲम्ब्युलन्समध्ये नेलं, मी चष्मा घ्यायला मागे फिरले. पडद्यावर ते लिहिलेलं. वेळ संपली म्हणे. मला असा राग आला! कोणाची वेळ संपली? तू कोण सांगणारा? वर कोपऱ्यात डावीकडे बघणारा बाण असतो ना, नातवाने शिकवलं होतं, तो मागे नेतो. मी दाबला." त्यांनी फोटोकडे बघितलं. "आणि हे आले. 'नमस्कार, दाजी.' नाव, वय, रक्तगट, सगळं. जसं काही झालंच नव्हतं."

मी फोटोकडे बघायचं टाळलं.

"मग रोज फूल ठेवायला गेले की दाबायची. पुन्हा दाबायची. हे काही आले नाहीत. दुसरेच यायचे."

"आणि त्या दुसऱ्यांचं तू वाटीला सांगत गेलीस."

"तुम्ही प्लँचेट बंद करणार होतात! पंढरीभाऊजी म्हणाले, दाजी येतच नाहीत. उद्या खुर्चीही हलवली असती." मग आवाज खाली आला. "सुचेताचं मात्र मुद्दाम सांगितलं. ती लपवत होती. यांनीही छातीतलं दुखणं माझ्यापासून लपवलं होतं. मेल्यावर रिपोर्टमध्ये वाचलं मी ते, त्या बाणाने मागे जाऊन."

मी विचारलं, "पण साइटने तर बाहेर काढलं होतं ना? कुलूप लागलं होतं!"

"लागलं होतं," सुलूताई म्हणाल्या. "मला कशावरून समजलं सांगू? एक्स्चेंजमध्ये लाइन कट झाली तरी शेवटचं वाक्य ऑपरेटरच्या कानात राहायचं. तसंच हे. लॅबने आपलं दार लावलं, पण तिथून आलेलं पान आपल्या कॉम्प्युटरने स्वतःपाशी जपून ठेवलं होतं. बाण दाबला की तो लॅबला काही विचारत नाही, आपल्याजवळचीच प्रत दाखवतो. 'बाहेर पडा' दाबलं की साइट त्याला सांगते, पुसून टाक. बबनचं पान तसं पुसलं जायचं. नुसती वेळ संपली की हे सांगायला ती विसरते. चूक लॅबची. पण ते बटण न दाबण्याची चूक आपली. दाजींच्या धाकाने."

मग त्या मंदावहिनींजवळ सरकल्या. "रविवारी ममताला काढतायत. मी काही बोलणार नाही, मंदा. गप्पीदासांनी बोलून काही उपयोग नाही. तू बघ."

रविवारी मीटिंगमध्ये परागने विषय काढायच्या आत मंदावहिनी उभ्या राहिल्या. सगळं सांगितलं, अगदी माझी चाचणीसुद्धा, तिथे मात्र सगळी सोसायटी हसली. हसणं थांबल्यावर पराग ममताकडे गेला. "सॉरी, ताई," म्हणाला. आतापर्यंत तो तिला नुसतं ममता म्हणायचा. "त्या लॅबला मी मेल टाकतोय. आणि आई, बारावी बारावीच्या जागी. डॉक्टरकडे उद्याच जायचं."

ममताने सगळ्यांसमोर दाजींचं ते भयंकर बटण कसं दाबायचं ते दाखवलं आणि मग पडद्यावरची ती खिडकीच बंद करून टाकली. पुन्हा उघडून बाण दाबून बघितला. मागे काही नव्हतं.

७

इथे गोष्ट संपायला हवी होती.

पण मंदावहिनी म्हणाल्या, "एकदा शेवटचं बसा. यांना निरोप देऊ. मी हात लावणार नाही."

त्या दाजींच्या खुर्चीवर बसल्या, फूल ओटीत घेऊन, दोन्ही हात मांडीवर. त्यांच्या जागी वाटीवर सुलूताईंनी बोट ठेवलं, आयुष्यात पहिल्यांदा. बाकी मी, पंढरीनाथ, सुचेताबाई. बबन दारात.

"दाजी, या आता," पंढरीनाथ हात जोडून म्हणाले. "म्हणजे... जा. म्हणजे, काय ते करा."

वाटी गप्प होती. खाडीला भरती लागत असावी, वासही नव्हता. मी बोट काढणार, इतक्यात ती सरकली. गोल नाही. सरळ.

ब.

ब.

न.

वाटी क्षणभर थांबली, मग कागदाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

र. ण.

दारात बबनचा चेहरा खाडीच्या चिखलासारखा झाला होता. हात खिशात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तळव्यावर कॅरमची लाल राणी होती.

"त्या दिसाला तो जिंकत व्हता," बबन म्हणाला. "मी लपवली. मस्करीत. तो बोलला, येतो नि बघतो तुला. परत द्यायची व्हती रे. कोनाला द्यायची?" त्याने ती मंदावहिनींच्या ओटीत, फुलाशेजारी ठेवली आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

राणी कोणाकडे आहे हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मला तर नक्कीच नव्हतं. मी वाटी ढकलली नाही, हे मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेची किंमत तुम्हाला एव्हाना कळलीच असेल. म्हणून मी नंतर सुलूताईंना विचारलं. त्या म्हणायच्या ना, ढकलणाऱ्याचं बोट आधी ताठ होतं, त्यांना लगेच कळतं. चारही बोटं त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

"कोणाचं झालं होतं?"

त्या विणत होत्या. एक टाका सुटला, तो त्यांनी उचलला.

"कोणाचंच नाही," त्या म्हणाल्या.